माणिकरावांचं पदार्पण

डोंगरकडा गावात आपल्याइतका मोठा नट आजवर झाला नाही, अशी माणिकरावांची खात्री होती. त्यांनी अजून एकाही नाटकात काम केलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी! यंदा गावच्या नाट्यमंडळाने त्यांना राजाचं काम दिलं आणि फ्लेक्सवर छापलं, 'माणिकराव यांचे रंगभूमीवर पदार्पण'. त्यात नाटकाचं नाव शोधावं लागत होतं.

शाळेपासूनचा सोबती ग्यानोबा टपरीवर म्हणाला, की पदार्पण तर चौथीतच झालं. पडदा उघडल्याबरोबर माणिकरावांनी स्टेजवरून धूम ठोकली होती आणि ती अख्ख्या गावाने पाहिली होती. एका माणसाची किती पदार्पणं मोजायची?

माणिकरावांना ते झोंबलं. हा डाग पुसायलाच तर ते राजा होणार होते.

"नुसता पाय ठेवून पदार्पण होत न्हाई," ते म्हणाले. "चार लोकांसमोर तोंडातून पहिलं वाक्य निघालं पायजे. तवा पदार्पण."

मग आठवडाभर ही व्याख्या ज्याला त्याला ऐकावी लागली. न्हाव्याने तर वस्तरा हातात धरून निमूट ऐकली.

प्रयोगाला गाव लोटलं. पण आपल्याकडे सत्काराशिवाय काही सुरू होतं का? मिशी लावलेला राजा सिंहासनावर बसला आणि रांग लागली. सरपंचांनी शाल घातली म्हणून उपसरपंचांनी घातली. सोसायटीने घातली म्हणून भजनी मंडळाने घातली. ज्यांनी जन्मात नाटक पाहिलं नव्हतं, तेही पदार्पण म्हणजे काय यावर भरभरून बोलले, तेही माणिकरावांचीच व्याख्या घेऊन! राजाच्या मांडीवर नारळांचा ढीग झाला. भीतीने घसा कोरडा पडायचा म्हणून माणिकरावांनी आधीच तांब्याभर पाणी रिचवलं होतं, वरून प्रत्येक पाहुण्याबरोबर चहा घेतला. आता मात्र त्यांना धड बसवेना आणि उठवेना.

नाटकासाठी त्यांच्या अंगरख्याला बारका माइक लावलेला होता. भावसिंग साउंडवाल्याने तो कधीचाच चालू करून ठेवला होता. माणिकराव सूत्रसंचालन करणाऱ्या हरीशकडे झुकले आणि अगदी हळू बोलले.

"हरीश, आटप लवकर. मला जोराची लघवी लागून राहिली."

ते बस स्टँडपर्यंत ऐकू गेलं. मंडप असा हसला की बांबूच्या बल्ल्या हलल्या. बायकांत बसलेल्या माणिकरावांच्या पत्नी नर्मदाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. शालींसकट राजा उठला, नारळ गडगडत पहिल्या रांगेपर्यंत गेले आणि चौथीत ठोकली होती तशीच धूम ठोकून तो थेट घरी गेला. नाटक राहिलं ते राहिलंच.

सकाळी टपरीवर ग्यानोबा वाटच पाहत होता.

"वाक्य निघालं, सगळ्या गावासमोर निघालं, अन् लोकायला बराबर समजलं बी," तो म्हणाला. "पदार्पण मुबारक, राजेसाहेब."

माणिकरावांनी चहाचा कप तोंडाला लावला. ओठावर मिशीचा डिंक अजून चिकटलेला होता.

"कशाचं मुबारक?" ते म्हणाले. "पदार्पण माणसाचं एकदाच होत असते. माझं चौथीतच झालं."