उपवासाला चालणारी नळी

चिवट्यांच्या गाडीने श्रावणात सोळा सोमवार धरले.

धर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या सोमवारी सकाळी मुरलीधररावांनी किल्ली फिरवली तर गाडी गप्प. बॅटरी ठणठणीत, टाकी भरलेली. संध्याकाळी कुमुदकाकूंनी देवापाशी दिवा लावला, शंकराची आरती म्हटली, आणि अंगणात गाडी आपली आपण घुरघुरायला लागली. पुढच्या सोमवारीही तेच झालं. तेव्हा काकूंनी बोनेटवर बेलाचं पान वाहिलं आणि हळूच विचारलं, "सोळा सोमवार का गं?"

गाडीने दोन्ही दिवे मिचकावले. हो म्हणायचं असलं की ती दिवे मिचकावते आणि नाही म्हणायचं असलं की वायपर इकडून तिकडे हलवते.

मागणं काय आहे, ते मात्र काकूंनी विचारलं नाही. व्रताचं मागणं ज्याचं त्याच्यापाशी असतं.

व्रत अर्ध्यावर आलं आणि पासिंगची तारीख आली. गाडी जुनी, कार्बोरेटरच्या जमान्यातली. दर पाच वर्षांनी तिला सरकारी मैदानात नेऊन दाखवून आणावं लागे. या खेपेची तारीख नेमकी सोमवारी सकाळची निघाली.

"सोमवारी ती कशी येईल?" काकू म्हणाल्या. "उपवास असतो तिचा."

"हे मी साहेबांना सांगू?"

"सांगा की. खरं सांगायला लाजायचं कशाला?"

मुरलीधररावांनी कचेरीत जाऊन सांगितलं. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. धार्मिक कारणासाठी तारीख बदलून मिळते, त्या म्हणाल्या, पण अर्ज गाडीचा स्वतःचा लागतो. सही येत नसेल तर टायरचा ठसा घेतात. मात्र असे अर्ज घेण्याची मुदत कालच संपली.

घरी येऊन मुरलीधररावांनी चपला काढल्या आणि काकूंकडे न बघता सांगून टाकलं, "सोमवारी ती स्वतःच्या चाकांवर मैदानात गेली नाही तर संपलं. भंगारवाल्याशी मी बोलून ठेवलंय. मंगळवारी येईल."

"व्रत अर्ध्यावर आहे तिचं!"

"मग भंगारात पूर्ण करू दे."

असं बोलून ते स्वतःच जरा ओशाळले आणि आत गेले. काकू अंगणात गाडीजवळ बसून राहिल्या. व्रत घेतलेल्या जिवाला मध्येच तोडायला द्यायचं, हे त्यांना काही केल्या पटेना. शेवटी त्यांनी मनाशी म्हटलं, देव काही कुणाला उपाशी ठेवत नाही. फराळ म्हणून काही असतंच की!

दुसऱ्या दिवशी त्या पेट्रोलपंपावर गेल्या. पेट्रोल जमिनीच्या पोटातलं, म्हणजे सैंधवासारखं. त्याची अडचण नव्हती. पण हल्ली त्यात स्पिरिट मिसळतात.

"मिसळता ते उसाचं की धान्याचं?" त्यांनी पंपावरच्या माणसाला विचारलं.

"सध्या मक्याचं चालू आहे, काकू. उपवासाचं पाहिजे असेल तर साखर कारखान्याच्या पंपावर जा. ते लोक उसाचं वेगळं ठेवतात."

काकूंच्या जिवात जीव आला. त्यांनी सिकंदर मिस्त्रींना बोलावून घेतलं. मिस्त्री गाडीच्या जन्मापासूनचे. तिच्या अंगाला दुसऱ्याचा पाना लागू देत नसत. सगळं ऐकून ते पाठीवर सरपटत गाडीखाली गेले आणि तिथूनच बोलू लागले.

"टाकी धुतो, काकू. पण पाइपाचं काय? हे रबर मक्याचं स्पिरिट पिऊन पिऊन फुगलंय. वाकवलं की भेगा दिसत्यात. आत मुरलंय ते धुऊन जायचं नाही. वर गळतंय पण. पासिंगला पहिलं हेच बघत्यात."

"मग बदला."

"कंपनीचा पाइप आता येत नाही. बाहेरचा घालावा लागंल."

गाडीने वायपर हलवला. एकदा नाही, तीनदा.

"बघा," काकू म्हणाल्या. "उपवासाला बाहेरचं कसं चालेल?"

मिस्त्री बाहेर आले. त्यांनी पिशवीतून नवीन पाइप काढून दाखवला. आत टेफ्लॉन, वरून स्टीलची विणलेली जाळी, दोन्ही तोंडांना आट्यांची पितळी फिटिंगं. क्लिपा आवळायची भानगडच नाही. "स्पिरिटाला दाद देत नाही. मूळच्यापेक्षा उजवा माल हाय."

"असेल हो. हॉटेलातली साबुदाण्याची खिचडीसुद्धा चांगली असते. म्हणून आपण उपवासाला खातो का?"

मिस्त्रींना ते पटलं. "तुमच्यात निदान पाणी तरी चालतं ना? आमच्या रोजाला तेही नाही. नाहीतर हिच्या रेडिएटरचं अवघड झालं असतं."

"पाणी चालतं."

"मग तेवढं तरी बरंय."

दोघंही पायरीवर बसले. वेटोळं करून ठेवलेला तो पाइप त्यांच्यामध्ये होता. कोरा, चकचकीत, अंग चोरून बसल्यासारखा. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. निपाणीहून लग्न होऊन आपण या दारात आलो, तेव्हा अशाच बसलो होतो. आपणही बाहेरच्याच होतो. माप ओलांडलं, आणि त्याच आठवड्यात सासूबाईंनी उपवासाचं रांधायला सांगितलं. बाहेरची म्हणून कुणी ताट परत केलं नाही.

"मिस्त्री," त्या एकदम म्हणाल्या, "पाइप म्हणू नका हिला. नळी म्हणा."

"बरं. नळी."

"मुलीकडचं कोण आहे हिच्या?"

मिस्त्रींनी इकडे तिकडे पाहिलं. "मीच की. माझ्याच दुकानातनं आलीय."

गाडीने एक दिवा मिचकावला. एकच. पण वायपर हलला नाही.

शनिवारी लग्न लागलं. मुलगा कार्बोरेटर. तो कंपनीचा, मूळचा, घरातलाच. काकूंनी आधी "जुळतात का?" असं विचारून घेतलं. मिस्त्रींनी फिटिंग बसवून, फिरवून पाहिलं आणि सांगितलं की आटे सगळेच्या सगळे जुळतात. मग बोनेटच्या कडेवर तांदळानं भरलेली वाटी ठेवली. नळीने पितळी टोकानं ती अलगद आत लवंडली. काकूंनी हळदकुंकू लावलं. शेवटचा आटा आवळताना मिस्त्री म्हणाले, "सांभाळून घ्या, काकू. सवय नाही तिला अजून." जुनी नळी त्यांनी फडक्यात गुंडाळून नेली. मुरलीधरराव खिडकीतून बघत होते. ते बाहेर आले नाहीत, पण लाडवाची वाटी आत पाठवली तेव्हा नको म्हणाले नाहीत.

सोमवारी सकाळी टाकीत उसाचं पेट्रोल होतं आणि बोनेटवर बेलाचं पान. काकूंनी डोळे मिटले. मुरलीधररावांनी किल्ली फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली आणि सोमवारची, भर उजेडात, कराडच्या रस्त्याने निघाली.

मैदानात इन्स्पेक्टर शेवाळे होते. ब्रेक पाहिले, दिवे पाहिले. मग बोनेट उघडून वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"नळी बाहेरची आहे."

"बाहेरची नाही, साहेब," काकू म्हणाल्या. "सून आहे."

इन्स्पेक्टर सरळ उभे राहिले. "माप ओलांडलं?"

"ओलांडलं."

"मुलीकडचं कुणी हजर आहे?"

मागच्या सीटवरून उतरून मिस्त्री पुढे झाले. टोपी नीट करत म्हणाले, "हाय साहेब. मीच."

इन्स्पेक्टरांनी फिटिंगवरून बोट फिरवलं, वास घेतला. बोट कोरडं होतं. "मुलगा मूळचा आहे. गळती नाही. लग्नानंतरचं नाव काय ठेवलं?"

काकूंनी मिस्त्रींकडे पाहिलं. लग्नाच्या गडबडीत नाव ठेवायचंच राहिलं होतं. तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहायचं, ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

"नाव नसेल तर ती अजून माहेरचीच धरावी लागेल," इन्स्पेक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नियम होता. "मग मला पास करता येणार नाही."

काकूंना एकही नाव सुचेना. देवादिकांची शेकडो नावं रोज घेणारी बाई, पण ओठावर एक येईल तर शपथ. गाडीचं इंजिन बारीक आवाजात चालू होतं. तेही अडखळल्यासारखं झालं.

"अन्नपूर्णा."

हे मुरलीधरराव बोलले होते. लांब, कुंपणापाशी पाठ करून उभे होते, ते तिथूनच. मग जवळ आले आणि घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "अन्नपूर्णा. टाकीतलं सगळं तीच वाढते ना. म्हणून."

"अन्नपूर्णा कार्बोरेटर चिवटे," इन्स्पेक्टरांनी लिहिता लिहिता उच्चारलं आणि शिक्का मारला. "पाच वर्षं. पुढच्या वेळी नाव आधी ठेवून आणा."

गाडीने दोन्ही दिवे मिचकावले. काकूंनी पदराने डोळे टिपले आणि इन्स्पेक्टरांच्या हातावर लाडू ठेवला. वाटेत मुरलीधररावांनी कुणीही न विचारता भंगारवाल्याला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं.

त्या आठवड्यात गाडी फार छान चालली. मंगळवारी पाटणला जाऊन आली. बुधवारी घाटात एकदाही धाप लागली नाही. मिस्त्री रोज सकाळी डोकावून जात आणि "रुळतीय का?" असं विचारत.

शुक्रवारी सकाळी मुरलीधररावांनी किल्ली फिरवली. गाडी गप्प.

"अगं, तुझा उपवास सोमवारचा ना?" काकूंनी विचारलं. गाडीने दिवे मिचकावले. "मग आज काय?" वायपर हलला. म्हणजे तिचं काही नव्हतं.

मिस्त्री आले. त्यांनी बोनेट उघडलं, वाकून कान लावला आणि जरा अवघडून वर बघितलं. "इंजिन तयार हाय, काकू. सूनबाईच पेट्रोल पुढं सोडत नाही."

काकूंचा चेहरा उजळला. बरोबरच होतं. नाव बदललं म्हणून कुणी आधीपासून धरलेले वार सोडून येतं का? त्यांनी स्वतः निपाणीचा गुरुवार इतकी वर्षं या घरात सांभाळला होता.

मुरलीधरराव किल्ली हातात धरून उभे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडू लागले. थोड्या वेळाने द्रोणात गूळ-चणे घेऊन आले. द्रोण बोनेटवर ठेवला, पिशवी खांद्याला लावली, आणि पायीच एसटी स्टँडच्या दिशेने निघाले.

"अहो," काकूंनी फाटकातून हाक मारली, "येताना आंबट काही आणू नका."