सहाशे वीस खेळांची पडताळणी

घरात कोणतीही नवी वस्तू आली की तिच्याविषयीचा प्रथमदर्शनी अभिप्राय चोवीस तासांच्या आत लेखी नोंदवावा, असा आमच्याकडे नियम आहे. नियम मीच केला आहे आणि पाळतोही मीच. आमच्या हिच्या मते हा नियम नसून आजार आहे. परंतु हे मत तिने लेखी दिलेलं नसल्यामुळे ते विचारात घेता येत नाही.

मी तेहतीस वर्षं एका मोठ्या कार्यालयात भांडारप्रमुख होतो. या काळात माझ्या भांडारातून एक टाचणीसुद्धा हरवली नाही. कशी हरवेल? मी ती कुणाला दिलीच नाही.

तर या सुट्टीत टीव्हीला जोडायचा एक स्वस्तातला व्हिडिओ गेम घरात आला. हौसेने नव्हे, गरजेपोटी आणला. आमची आठ वर्षांची नात, खारूताई, पाच दिवसांसाठी आमच्याकडे येणार होती. पुढचे तीन आठवडे इथेच राहायचं की दुसऱ्या आजोबांकडे जायचं, हे तिचं तिने ठरवावं, असा निकाल माझ्या लेकीने देऊन ठेवला होता. मागच्या दोन्ही सुट्ट्यांत पोरगी तिकडेच पळाली. दुसरे आजोबा, म्हणजे माझे व्याही, निवृत्त बसड्रायव्हर. त्यांच्या घरात कात्री शोधायला जावं तर पक्कड हाती लागते, असा सगळा कारभार. अशा माणसापुढे मी दोनदा हरलो, हे मला फार लागलं होतं. खोटं कशाला बोलू?

खोकं चांगलं हातभर लांब होतं. आतून निघाला साबणाच्या वडीएवढा डबा. हातात घेतल्यावर आत काही भरायचं विसरले की काय, अशी शंका यावी इतका हलका. दोन कंट्रोलर होते, पण त्यांच्या वायरी इतक्या आखूड, की खेळणाऱ्याने टीव्हीच्या मांडीवरच बसावं अशी उत्पादकाची इच्छा दिसली. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, '६२० खेळ'. खाली बारीक अक्षरांत काहीच नव्हतं. मला संशय आला तो तिथेच.

"आजोबा, लावा ना!" खारूताईने डबा उचलला.

"लावू की. आधी रीतसर ताब्यात तर घेऊ दे."

"आलाय ताब्यात! माझ्या हातात आहे."

"म्हणूनच म्हणतो, खाली ठेव."

पहिला दिवस नोंदणीत गेला. डबा एक, कंट्रोलर दोन, वायरी तीन, माहितीपत्रक एक, त्यातली वाचता येण्याजोगी वाक्यं शून्य. कंट्रोलरवरच्या प्लास्टिकच्या पिशव्या मी काढू दिल्या नाहीत. बटणं प्लास्टिकवरूनही दाबता येतात, आणि मुलांचे हात कसे असतात ते सांगायला नको. खारूताईने दोन्ही कंट्रोलर पुन्हा खोक्यात ठेवले. शहाणी पोर आहे. माझ्यावर गेली आहे, असं तेव्हा मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी टीव्ही लागला. पहिल्याच खेळात डोक्यावर बादली घातलेला एक माणूस शिडी चढू लागला. खारूताई टुणकन उडी मारून पुढे सरकली. बादलीवाला तिसऱ्या पायरीवर पोचला, तेवढ्यात मी ओरडलो, "थांब!"

"काय झालं?"

"सहाशे वीस खेळ आहेत म्हणतात. आहेत की नाहीत, हे आधी बघायला नको?"

"खेळता खेळता बघू की, आजोबा!"

"खेळताना मोजणी चुकते."

मग कार्यपद्धती ठरली. खारूताईने खेळ उघडायचा, मी नाव लिहायचं, हिने साक्षीदार म्हणून "चालू" असं म्हणायचं आणि खारूताईने तो बंद करायचा. हिने दुपारपर्यंत मुकाट्याने "चालू, चालू" केलं. मग तिचा आवाज चढला. "अहो, एक तरी पुरता खेळू द्या पोरीला! काय आकाश कोसळणार आहे का?"

"पडताळणी संपली की सगळेच्या सगळे तिचेच आहेत. मी घेऊन काय करणार?"

"तुम्ही काय करणार ते मी तेहतीस वर्षं बघितलंय," ही म्हणाली. हा शेराही तोंडीच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी, बाविसाव्या आणि तेविसाव्या खेळाच्या मधे, खारूताईने सहज विचारलं, "दुसरे आजोबा आत्ता काय करत असतील हो?"

काय करावं सुचेना. परिस्थिती हाताबाहेर चालली होती आणि तातडीने काहीतरी करणं भाग होतं. म्हणून मी मोजणीचा वेग वाढवला.

आणि एकोणचाळिसाव्या क्रमांकाला चोरी पकडली गेली! शिडीवर पुन्हा तोच बादलीवाला. नुसती बादली हिरवी केली होती आणि खेळाचं नाव बदलून 'बहाद्दर बादली' ठेवलं होतं. चाळिसावा म्हणजे दुसराच खेळ, फक्त आकाश जांभळं. चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही शेवटपर्यंत पोचलो. सगळा तोच माल, कपडे बदलून रांगेत उभा. खरे खेळ अडतीस. तूट पाचशे ब्याऐंशी! नोकरीत असताना मला एवढी मोठी तूट कधी सापडली नव्हती. मी त्या आकड्याखाली दोनदा लाल रेघ ओढली.

"अडतीस पण खूप झाले, आजोबा," खारूताई म्हणाली. "मला बादलीवालाच आवडलाय. तेवढा एक द्या."

"बाळा, प्रश्न बादलीवाल्याचा नाही, तत्त्वाचा आहे."

पाचव्या दिवशी सकाळी मी आणि खारूताई रिक्षाने दुकानात गेलो. वाटेत खोकं तिने स्वतःच्या मांडीवर धरलं होतं. दुकानदाराने माझी यादी पानं उलटून उलटून बघितली आणि विचारलं, "काका, यातले खेळून किती झाले?"

"एकही नाही. मोजले."

"मग कमी कुणाला पडले?"

अशा उडवाउडवीच्या उत्तरांना मी सरावलेलो आहे. मी त्याच्याच भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'न वापरलेला माल सात दिवसांत परत घेतला जाईल.' त्याने कंट्रोलर वरखाली करून पाहिले, पिशव्या उजेडात धरल्या, वायरींच्या गाठी तपासल्या.

"कमाल आहे! घरात लहान मूल आहे आणि याच्यावर बोटाचा ठसासुद्धा नाही? काका, बारा वर्षं ही पाटी लावून बसलोय. तिची अट पुरी करणारे तुम्ही पहिलेच."

सेवानिवृत्तीच्या समारंभातही कुणी माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं नव्हतं. मी भारावून घरी आलो. हिला सगळी हकीकत सांगितली, विजय साजरा करायला चहा टाकायला सांगितला. चहा काही आला नाही. बाहेर आली ती खारूताई, पाठीला दप्तर लावून.

"आजोबा, मी तिकडे जाते हं."

"अगं, पण आता आपल्याला मोकळा वेळ आहे!"

"हो," ती म्हणाली. मग जवळ येऊन तिने माझ्या गळ्यात हात टाकले. "तुमची यादी मी नेऊ?"

आठवण म्हणून मागतेय असं वाटून माझे डोळे भरून आले. मी यादी दिली. पहिल्या दिवशी भरलेल्या अभिप्रायाच्या अर्जावर तिचा शेरा तेवढा घ्यायचा राहिला होता, तो उभ्या उभ्या घेतला. तिने लिहिलं, 'छान आहे. बादलीवाला वर गेला का ते कळलं नाही.'

आठवड्याने व्याह्यांचा फोन आला. मागे दणादण आवाज येत होते.

"अहो, खारूताईने मला ओढतच त्या दुकानात नेलं. म्हणाली, काल आजोबांनी परत केला तोच डबा द्या. एकदम नवाकोरा निघाला हो! आता एक बटण तुटलंय, काल त्याच्यावर चहा सांडला, पण चालतोय अजून. आणि तुमच्या यादीचा काय उपयोग होतो म्हणून सांगू! कुठला खेळ पुन्हा आलाय ते झटकन कळतं. फार कष्ट घेतलेत तुम्ही."

"बादलीवाला?" मी विचारलं.

"तो कधीच वर पोचला! आता दोघं मिळून त्याला खाली उतरवतोय. ठेवू का? माझा डाव आलाय."

मी अर्ज पूर्ण करून फाइलला लावला. वस्तूची स्थिती: उत्तम. नुकसान: काही नाही.

हसताय ना? हसा, हसा. पण हसून झालं की टीव्हीचा रिमोट हातात घ्या आणि त्याच्यावरचं प्लास्टिक निघालंय का ते बघा. नाही ना? मग काचेच्या कपाटातले ते सोनेरी काठाचे कप कुणासाठी ठेवलेत, तेही एकदा लिहून काढा. आमच्याकडचे जिच्यासाठी ठेवले होते ती पाच दिवस राहून गेली, आणि आम्ही तिला रोजच्याच कपात दूध दिलं.