तुळजाला हरवण्याची तयारी

“मला काही अनुभवच नाहीये,” तुळजानं पेन वहीवर आपटून जाहीर केलं. “आणि त्याला तू जबाबदार आहेस, आई.”

ऋजुताच्या हातातलं लाटणं थांबलं. साडेदहा वर्षांत या मुलीला तिनं न उकळलेलं पाणी पाजलं नव्हतं की एकटीला रस्ता ओलांडू दिला नव्हता. चेन्नईत नुंगंबाक्कमच्या या घराच्या गच्चीलासुद्धा तिनं घरमालकिणीच्या मागे लागून जाळी बसवून घेतली होती. त्याचं हे फळ!

“कसला अनुभव हवाय तुला?”

सहावीच्या इंग्रजीला धड्यांच्या पुस्तकाखेरीज एक अख्खी कादंबरी होती. शाळेत तिला ‘नॉन-डिटेल’ म्हणत. परक्या बंदरात जहाज चुकलेला एक मुलगा एकटाच, हिकमतीनं घरी पोहोचतो, अशी ती गोष्ट. विजयालक्ष्मी मिसनी फळ्यावर तिची सूत्रं लिहून दिली होती: हरवणं, भीती, अनोळखी माणसांवरचा विश्वास, घरी परतणं. त्यातलं एक निवडायचं आणि स्वतःच्या अनुभवाशी जोडून दोन पानं लिहायची. अनुभव खराच हवा. बनवलेला निघाला तर शून्य.

“जननी रामेश्वरमला गर्दीत हरवली होती. विश्वेशला कुत्रं चावलंय,” तुळजा हेव्यानं म्हणाली. “मला साधं खरचटलेलंसुद्धा नाहीये.”

“अगं, परवा बाथरूममध्ये पाल आली होती, तेव्हा घाबरली नव्हतीस का?”

“घाबरली होतीस तू. मी हाकलली.”

ऋजुता मराठी घेऊन एम.ए. झालेली. कादंबरीची सूत्रं उलगडणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. आणि तिच्याच पोटच्या पोरीला निव्वळ सुखात वाढल्यामुळे शून्य मिळावं? पोळी तव्यावर करपत असताना तिचा निश्चय झाला. मुलीला डबा आपण देतो, दप्तर आपण भरतो, तर अनुभवही आपणच द्यायला हवा. तोही घरचा, स्वच्छ.

हरवण्याचा अनुभव त्यातल्या त्यात बिनधोक. जखम नाही, इंजेक्शन नाही. टी. नगरच्या एखाद्या मोठ्या साडीच्या दुकानात न्यायचं, हात सोडायचा, आपण आडोशाला उभं राहायचं. पाच मिनिटं मोजायची आणि पुढे होऊन पोटाशी धरायचं. पोरीला अर्थातच आधी कळू द्यायचं नाही. कळलं तर अनुभव खोटा.

बेत पोटात राहीना, म्हणून शनिवारी निघताना तिनं तो खाली घरमालकिणीच्या कानात सांगितला. राजसबाई तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी तीन शतकं तमिळ मुलखात राहिलेली, त्यामुळे ऋजुताला ती निम्मी पोथीतली वाटे आणि निम्मी समजत नसे. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणे, म्हणून ऋजुताही म्हणे.

“कां गे पोरी,” मामी अडकित्ता खाली ठेवून म्हणाल्या, “लेंकराला हरवायाला घेऊन जातीस? सांगून-सवरून कोण हरवतें?”

“खरं नाही हो मामी. पाच मिनिटं फक्त.”

“अय्यो, आज आडीचा शनिवार! साऱ्या दुकानीं आडी महिन्याची सूट. मुंगीस पाय ठेवाया जागा नाहीं.”

“बरंच झालं की. गर्दी असली म्हणजे खरं वाटेल.”

मामींनी अडकित्ता पुन्हा उचलला. “तमिळ तिजला येतें, तुजला येत नाहीं. मग हरवणार कोण, तें ठरवलेंस काय?”

ऋजुताला ही मामींची थट्टा वाटली.

दुकान चार मजली होतं आणि चेन्नईतल्या बायकांपैकी निम्म्या त्या दिवशी त्यात होत्या. पहिल्या मजल्यावर कांजीवरम नेसवलेला एक पुतळा होता. ऋजुतानं संधी साधली. “तुळजा, इथेच थांब हं, मी आलेच,” म्हणून ती वळली आणि पुतळ्यामागे उकिडवी बसली. घड्याळ काढून हातात धरलं. पुतळ्याच्या पदराआडून लेक दिसत होती. दोन वेण्या, शांत चेहरा. रडायची काही चिन्हं नव्हती. एक मिनिट झालं. दीड झालं. ऋजुतानं घड्याळ कानाशी धरून ते चालू असल्याची खात्री केली.

दुसरं मिनिट पुरं व्हायच्या आत कुणीतरी शेजारच्या काउंटरवर निम्म्या किमतीच्या साड्यांचा ढीग ओतला. तमिळमध्ये एक आरोळी उठली आणि मजल्यावरच्या सगळ्या बायका एका दिशेनं आल्या. ऋजुता त्या दिशेच्या मधोमध होती. ती उठली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत होते की नाही हे तिला नक्की सांगता आलं नसतं. लोंढ्यानं तिला उचललं, लिफ्टमध्ये कोंबलं आणि दार उघडलं तेव्हा ती चौथ्या मजल्यावर स्टीलच्या भांड्यांत उभी होती.

“माझी मुलगी!” ती पहिल्या दिसलेल्या विक्रेत्यावर ओरडली. त्यानं नम्रपणे तिच्यापुढे इडलीपात्र धरलं.

आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. चेन्नईत येऊन चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, गॅसवाल्याशी बोलत होती ती तुळजा. ऋजुताला तमिळचे तीन शब्द येत: ‘किती’, ‘नको’ आणि ‘पुरे’. भाजीला ते पुरत. हरवलेली मुलगी शोधायला त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

इंग्रजी बोलून पाहिलं. विक्रेत्यानं मोठं इडलीपात्र आणलं. ती जिन्याकडे धावली. जिना वर येणाऱ्या बायकांनी भरला होता. एवढ्यात दुकानाच्या खरखरणाऱ्या भोंग्यावर तमिळमध्ये काही घोषणा झाली. एकदा, दोनदा, तीनदा. बायका चुकचुकल्या. कुणाचं तरी पोर हरवलेलं दिसतंय, ऋजुताला वाटलं. तशातही तिच्या मनात आलं, काय या आया तरी! लक्ष कुठे असतं यांचं?

मग तिच्या लक्षात आलं की लोक तिच्याकडे बघताहेत. भांड्यांचा विक्रेता तिच्या पिवळ्या ड्रेसकडे बोट दाखवून दुसऱ्याला काही सांगत होता. दोन विक्रेत्या मुली हसत तिच्याच रोखानं निघाल्या. पुतळ्यामागे लपून बसलेलं कुणीतरी पाहिलं असणार! चोर समजले! तिनं पर्स छातीशी धरली आणि पळत सुटली.

पळणाऱ्या बाईमागे धावायचं असतं, हे कुठल्याही दुकानाला शिकवावं लागत नाही. मुली धावल्या, त्यांच्यामागे विक्रेता धावला, इडलीपात्रासकट. ऋजुता कढयांना वळसा घालून, परकर विभागातून, लहान मुलांच्या कपड्यांतून खाली आली. प्रत्येक मजल्यावर दोन-तीन माणसं वाढली. “पुरे! पुरे!” ती तमिळमध्ये ओरडत होती. तळमजल्यावर दारवानानं हात पसरून तिला अडवलं आणि सन्मानानं कॅशियरच्या टेबलाशी नेलं.

तिथे उंच स्टुलावर बसून तुळजा पाय हलवत गुलाबी रोझमिल्क पीत होती. हातात भोंग्याचा माइक.

“हीच माझी आई,” तिनं तमिळमध्ये जाहीर केलं. चारही मजल्यांवर टाळ्या वाजल्या.

ऋजुतानं तिला पोटाशी धरलं. ठरल्याप्रमाणेच, फक्त रडत होती आई, आणि पाठ थोपटत होती लेक.

“नाव का नाही सांगितलंस गं भोंग्यावर?” दम लागलेला असूनही तिनं विचारलं.

“अनोळखी माणसांना आपलं नाव-पत्ता सांगायचा नाही, असं तूच सांगितलंयस. मी वर्णन सांगितलं. पिवळा ड्रेस, पर्स छातीशी, चेहरा काळजीचा, तमिळ येत नाही.”

घरी मामींनी फिल्टर कॉफी पुढे केली आणि तुळजाला विचारलं, “आणलीस गे आईला?”

चार दिवसांनी शाळेची चिठ्ठी आली: पालकांनी भेटावे. ऋजुता रात्रभराच्या शंका बरोबर घेऊन स्टाफरूममध्ये हजर झाली. विजयालक्ष्मी मिसनी तुळजाची वही पुढे सरकवली.

“वाचा,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “भाषा उत्तम आहे. पण मी खरा अनुभव मागितला होता.”

ऋजुता वाचू लागली. वर्गातल्या सगळ्यांनी त्या बंदरातल्या मुलावर लिहिलं होतं. तुळजानं त्याच्या आईवर लिहिलं होतं. कादंबरीत ती बाई एकाच प्रकरणात येते आणि खिडकीत उभी राहते. ‘मुलगा हरवलेला नाही,’ तुळजानं लिहिलं होतं. ‘तो कुठे आहे हे त्याला माहीत आहे. ते आईला माहीत नाही, म्हणून हरवली आहे ती. शनिवारी माझी आई पुतळ्यामागे लपली. मला तिची ओढणी दिसत होती. मला अनुभव मिळावा म्हणून ती घाबरत होती, म्हणून मी हाक मारली नाही.’

ऋजुताला अक्षरं दिसेनाशी झाली. एम.ए.ला दोन वर्षं कादंबऱ्या कोळून प्यायली होती ती, पण खिडकीतल्या त्या बाईकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं.

“कल्पनाशक्ती छान आहे,” मिस म्हणाल्या. “पण एम.ए. झालेली बाई साडीच्या दुकानात पुतळ्यामागे लपते, विक्रेते तिचा पाठलाग करतात? मला शून्य द्यावं लागेल.”

आता एक मान हलवली असती तर अब्रू वाचली असती. ऋजुता खुर्चीतून उठली.

“शून्य? मिस, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे! मी लपले होते!”

“तुम्ही?”

“मी! उकिडवी! आणि पाठलाग दोघातिघांनी नाही, निदान चौदा जणांनी केला. ते तिनं कमीच लिहिलंय. एकाच्या हातात इडलीपात्र होतं!”

शेजारच्या टेबलांवरचे शिक्षक वळले. गणिताचे सर डबा बंद करून जवळ आले. “पण पुतळ्यामागे माणूस मावतो कसा?” त्यांनी शास्त्रीय शंका काढली.

“असा,” म्हणून ऋजुता स्टाफरूमच्या लोखंडी कपाटामागे गेली आणि ओढणी आवरून बसली. “दिसतेय का मी?”

“ओढणी दिसतेय,” तीनचार जण एकदम म्हणाले.

“मग! तेच तर तिनं लिहिलंय!” कपाटामागून विजयी आवाज आला.

मिसनी लाल पेन उघडलं, शून्याचा विचार सोडून दिला आणि दहापैकी नऊ लिहिले.

“एक का कापलात?” कपाटामागून बाहेर येत ऋजुता तत्काळ म्हणाली. हुज्जत अंगात आलीच होती, ती आता कुठे थांबणार?

“एक गोष्ट मात्र खोटी आहे.” मिसनी वहीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ऋजुताला नखशिखान्त पाहिलं. तिची उंची चार फूट अकरा इंच, त्यामुळे त्याला वेळ लागला नाही. “इथे लिहिलंय, गर्दी कितीही असो, माझी आई लांबूनही दिसते, कारण ती खूप उंच आहे.”

ऋजुतानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग वही मिटून दोन्ही हातांनी मिसच्या पुढ्यात ठेवली.

“कापा,” ती म्हणाली.