पत्रा भिजवणारे आप्पा

सकाळी गल्लीत कुणाच्या घरावर हातोडा वाजला, की दुसऱ्या मिनिटाला आमचे आप्पा त्या छपरावर. पाठीवर उसाला औषध मारायचा पंप, तोंडाला ओला टॉवेल, आणि फवाऱ्याची नळी मिस्त्रीच्या छातीवर रोखलेली. "पावणं, हातोडा खाली! आधी पत्रा भिजवा!" पत्र्याच्या आधी मिस्त्रीच बिचारा चिंब.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मंगळवार पेठेत जो तो जुनं पाडून स्लॅब टाकत होता. म्हणजे आप्पांना उसंत नाही आणि आम्हाला शांतता नाही. आप्पा शिरोलीच्या एका फाउंड्रीतून रिटायर झालेले, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. त्यांचं म्हणणं एकच. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, पत्रा फोडला की त्याची धूळ उडते, आणि ती छातीत गेली की पुढं कितीतरी वर्षांनी माणूस खोकत बसतो. म्हणून पाडायच्या आधी टेस्ट.

टेस्ट म्हणजे पत्र्याचा नखाएवढा तुकडा ओला करून पक्कडीनं मोडायचा, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधायचा आणि मुंबईच्या लॅबला पाठवायचा. पोस्टातल्या बाईंनी एकदा विचारलं, "काय हाय ह्यात?"

"पत्र्याचा तुकडा."

"का वो, मुंबईत पत्रं मिळंनात व्हय?"

झालं! आप्पांनी त्या बाईंना खिडकीतूनच अ‍ॅस्बेस्टॉस समजावायला घेतला. मागची रांग कंटाळून घरी गेली.

माझ्या न्हाणीवरचा पत्रा बदलायचा होता, तिथंही तेच. गौरी-गणपती तोंडावर, घरी पाहुणे येणार, आणि हा माणूस न्हाणीच्या दारात आडवा. "सुमन, रिपोर्ट येस्तवर एक खिळा काढू द्यायचा न्हाय."

"मग पाहुण्यांनी आंघोळ काय रंकाळ्यावर जाऊन करायची?"

"करू देत की! रंकाळ्यावर पत्रा न्हाय!"

गौरी-गणपती त्या मोडक्या न्हाणीतच पार पडले, आणि मग रिपोर्ट आला. अ‍ॅस्बेस्टॉस आहे. आप्पांनी गल्लीत पेढे वाटले! माझ्या न्हाणीवर विष निघालं आणि ह्यांच्या तोंडावर दिवाळी. असा संताप आला म्हणता! पेढा मात्र मी खाल्ला.

आणि गंमत बघा, त्यांच्या स्वतःच्या सैपाकघरावर तसलाच जुना पत्रा, तोही तडकलेला. विचारलं की "बघू की" म्हणायचे आणि चहा मागायचे. काकी, म्हणजे त्यांची बायको, त्याच पत्र्याखाली भाकऱ्या थापत म्हाताऱ्या झाल्या आणि छातीच्या दुखण्यानं गेल्या. हे पंपाचं खूळ त्यानंतरचं, ते गल्लीला ठाऊक होतं. पण घरच्या पत्र्याला आप्पा कुणाला हात लावू देत नव्हते. तपासायलाही नाही.

शेवटी त्यांचा मुलगा सुभाष पेटला. त्याच्या बायकोला सातवा महिना, आणि पत्र्याचा भुगा खाली ताटात पडायला लागलेला. "आप्पा, एक तर टेस्ट करून पत्रा काढू द्या, न्हायतर आमी भाड्यानं खोली बघतो."

आप्पा म्हणाले, "जावा."

सुभाषनं खरंच राजारामपुरीत खोली ठरवली. नातवंड यायच्या आधीच म्हातारा घरात एकटा पडणार, हे दिसत होतं. मला राहवेना. तरातरा गेले. आप्पा सैपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेले.

"काय चालवलंय आप्पा? साऱ्या गल्लीला टेस्ट करायला लावता आणि स्वतःच्या पोराला घराबाहेर काढता? द्या तो तुकडा, मी पाठवते मुंबईला!"

ओरडतील असं वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, "बस खाली."

बसले.

"ह्यो पत्रा मी कंपनीतनं आणला. जुनी शेड पाडली तवा कामगारांस्नी वाटला हुता. लांबीला जास्त भरला, म्हणून हितं अंगणात करवतीनं कापला. पलीकडनं तिनं धरलेला. कोरडाच कापला गं. ती धुळीनं पांढरी झाली. मी म्हणलं, पिठाच्या गिरणीतनं आल्यागत दिसतीस. लई हसलो दोघं. मग तिनंच समदं अंगण झाडून काढलं."

आप्पांनी मान वर करून पत्र्याकडे पाहिलं.

"मिरजेच्या डाक्टरनं शेवटी इचारलं, घरी कधी सिमेंटचा पत्रा कापलाय का? नुसतं इचारलं. त्येच्यामुळंच झालं, असं न्हाय म्हणला. आता तुकडा मुंबईला गेला की उत्तर येणार. मला ते उत्तर नगं, सुमन. तुमचं आलं की पेढं वाटतो, का तर तुमचा पत्रा कुणी कापायच्या आधी घावला."

मला रडूच आलं. डोळे पुसले आणि सुभाषला गाठलं. "टेस्ट नको. अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चला. बायकोला माहेरी पाठव आणि पत्रे भिजवून अख्खे उतरवा." का, म्हणून तो विचारत राहिला. मी म्हटलं, "सांगते तेवढं ऐक. आणि ती खोली सोडून दे."

टेस्ट नाही म्हटल्यावर आप्पांनी अडवलं नाही. पत्रे उतरवले त्या दिवशी आप्पा माझ्या घरात येऊन बसले, भिंतीकडे तोंड करून. छपराकडे फिरकलेसुद्धा नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "निघाला समदा?"

"निघाला."

"फुटला न्हाय न्हवं एकबी?"

एक फुटला होता, मिस्त्रीच्या हातून सुटून.

"नाही आप्पा. सगळे अख्खे निघाले."

"बरं झालं," आप्पा म्हणाले. "वर चढवायच्या आधी तिनं एकेका पत्र्याला हळदकुंकू लावलं हुतं."