पाच माणसांतून पाच मिलिअँपिअर

सार्वजनिक सोय सर्वांपर्यंत सारखी पोचावी, याबद्दल कोणत्याही सरकारात दुमत नसते. १९४१ साली वाशीमच्या एका दवाखान्यात या तत्त्वासाठी पुढील सामग्री होती : लाकडी पेटी एक, कोरड्या बॅटऱ्या दोन, वायरी दोन (एक लाल, एक काळी), पायाला गुंडाळायच्या ओल्या पट्ट्या दोन, खुर्च्या चार, स्टूल एक, आणि इंद्रभान, बी.एस्सी., एक.

पेटीचे काम साधे होते. रक्तवाहिन्या रुंद करणारे औषध एका पट्टीवर घालायचे आणि ती धन टोकाला, म्हणजे लाल वायरीला, जोडायची. पाच मिलिअँपिअरची सौम्य वीज औषधाला कातडीतून आत ढकलते, गारठलेल्या पायात रक्त उतरते. दुसरी पट्टी म्हणजे प्रवाहाची नुसती परतीची वाट. इंद्रभानाने हे डॉक्टरांना दोनदा समजावले. डॉक्टरांनी दोनदा मान डोलावली आणि युद्धकाळातली काटकसर म्हणून हुकूम काढला, की एका प्रवाहात एकच रोगी बसवणे ही चैन आहे. तेव्हापासून पाच जण हातात हात धरून ओळीने बसू लागले. (परक्या बाईचा हात धरणे बरे दिसत नाही, म्हणून मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला पंचा. विजेची हरकत नव्हती.) महिन्याभरात रोगी पाचपट झाले. वरून शाबासकीचे पत्र आले.

पेटीजवळच्या पहिल्या खुर्चीत जगदेव पाटील बसत. त्यांना काही झालेले नव्हते आणि पुढेही होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. औषधाची पट्टी अर्थात त्यांच्या पायाला. तिसऱ्या खुर्चीत भाजीवाली सोजरबाई. तिचा उजवा पाय बारमाही गार, आणि अंगठ्यावर चौदा मिलिमीटरची जखम. दोन महिन्यांत ती भरली नाही तर अंगठा काढायचा, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते.

"इंद्रभानभाऊ, पाटलाचा पाय लाल होऊन राह्यला, माहा तं जसाच्या तसा," ती म्हणाली.

"धीर धर, सोजरे," पाटील म्हणाले. "औषध पह्यले पाटलाले लागते. मंग सरकत सरकत तुमच्याकडं येते."

बाकी तिघांना हे पटले. इंद्रभानाला पटले नाही, कारण औषध पाटलांच्याच कातडीत थांबते हे त्याने पुस्तकात वाचले होते. पण पाटलांना खुर्चीवरून उठवायची कृती त्या पुस्तकात नव्हती.

तेव्हा त्याने सोजरबाईला दाराजवळच्या शेवटच्या स्टुलावर बसवले (ते कोणालाच नको होते), औषध तिच्या पट्टीवर घातले आणि पेटीच्या आत वायरींची टोके बदलली. लाल वायर पाटलांकडेच राहिली.

"आज लै जोर हाय," पाटील समाधानाने म्हणाले.

पाच आठवड्यांत सोजरबाईच्या अंगठ्याचे तापमान एकोणऐंशी अंश फॅरनहाइटवरून अठ्ठ्याऐंशीवर गेले. जखम चौदाची चार झाली. पाटलांच्या पायात फरक शून्य. त्यांनी गुण आल्याचा दाखला लिहून दिला.

"मंग अंगठा वाचते काय, भाऊ?"

"तीन आठवडे इथंच बस," इंद्रभान म्हणाला.

पण खरे ठाऊक असून ते छापायचे नाही, हे शास्त्र शिकलेल्या माणसाला सोसत नाही. त्याने एका साप्ताहिकात लेख लिहिला : औषध मान पाहून जात नाही, धन टोक पाहून जाते, सबब आमच्या दवाखान्यात खरा उपचार शेवटच्या स्टुलावर होतो. लेख फार आवडला. असे लेख वारंवार यावेत, असे वाचकांनी कळवले.

सोमवारी दवाखान्यासमोर सतरा वाचक उभे होते : वकील सहा, मास्तर सात, पोस्टमास्तर एक, नुसते सुशिक्षित तीन. पाय सर्वांचे उबदार. स्टूल सर्वांना हवे होते. एका वकिलाने पेटी उघडून, लेख हातात धरून, धन टोक स्टुलाकडेच असल्याची खात्री केली. स्टुलावर गादी आली. लेख वाचून घेतलेले जगदेव पाटील रांगेत अठरावे होते. मोकळी झालेली पहिली खुर्ची सर्वानुमते, मानाने, सोजरबाईला देण्यात आली.

त्या सोमवारी जखम चार मिलिमीटर होती. पुढच्या सोमवारी सहा. त्याच्या पुढच्या सोमवारी नऊ.