नेम चुकला असेल

गुरुलिंगला कुणालाही नाही म्हणता येत नसे. त्याची शाळा चौथीत सुटली तीही यापायीच, वडिलांनी "उद्यापासून गिरणीत येतोस ना?" असं विचारलं आणि तो हो म्हणाला. त्यामुळे मिशन शाळेच्या अमेरिकन पादरीसाहेबांनी तापात कण्हत "शनिवारी शाळा विरुद्ध नवी पेठ असा बेसबॉलचा सामना आहे, अंपायर होशील?" असं विचारलं, तेव्हा पुढचं काही बोलायची गरजच उरली नाही.

साहेबांनी खाटेवरूनच नियम सांगितले. मैदानात कडबा भरलेल्या पोत्यांच्या गाद्या मांडायच्या. बॅटवाल्याच्या अंगाला चेंडू लागला, तर त्याने गुमान पहिल्या गादीवर जायचं. फुकट. पण फेकणाऱ्याने मुद्दाम मारलं असेल, तर त्याला खेळातून काढायचं.

"मुद्दाम मारलं हे कळायचं कसं, साहेब?"

"वीस वर्षं मीही तेच विचारतो आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

शनिवारी सकाळीच मायाक्का मंद्रूपहून परतली. ती गुरुलिंगची बायको. शेजारणीने मागितला म्हणून त्याने तिचा पाटा-वरवंटा कायमचा देऊन टाकला होता (हो म्हणाला होता), त्यामुळे ती तीन आठवडे माहेरी रुसून बसली होती. सोबत तिचा भाऊ बिरप्पा होता. पोरगं पंधरा वर्षांचं, पण ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं राखण्यात पंचक्रोशीत नाव. नवी पेठेच्या पोरांना फेकणारा हवाच होता. त्यांनी त्याला दारातूनच उचलून नेलं.

मायाक्काने गाठोडं सोडलं नाही. "माझ्या भावाचा मान राखा," ती म्हणाली. "न्हाईतर सांजच्या गाडीनं मी माघारी." आणि गाठोडं काखेत मारून ती सामना बघायला आली.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग शाळेचा मौलाली बॅट घेऊन आला आणि म्हणाला, "क्या रे मंद्रूप, चिमण्या हाकायच्या सोडून हितं कुटं आलास?"

बिरप्पाने एक डोळा मिटला. त्याने चेंडू फेकला. मौलाली कंबर धरून खाली बसला.

मौलालीचा बाप नबीसाब टांगेवाला. तो घोडा तसाच सोडून मैदानात आला. "अंपायरसाब, ह्यो पोरगा गोफणीनं चिमणी पाडतोय म्हनं. माझा मौलाली काय चिमणीहून बारीक हाय? ह्येनं मुद्दाम मारलंय."

गुरुलिंगने गाठोड्याकडे पाहिलं. "नेम चुकला असेल," तो म्हणाला.

मायाक्का उठून उभी राहिली. "कुणाचा नेम चुकला?"

"म्हणजे, बिरप्पाचा..."

"अवो, त्येनं पळता ससा पाडलाय."

"मग मुद्दाम मारलं म्हणू?"

"माझा भाऊ मुद्दाम मारंल?"

"मग म्हणू तरी काय?"

"त्ये तुमी बघा की. अंपायर तुमी हाय."

तेवढ्यात बिरप्पाच पुढे आला. त्याचे डोळे भरले होते. "दाजी, मला भाईर काढा. पर नेम चुकला म्हणू नगा. गावात तोंड दावाय जागा ऱ्हाणार न्हाई. डाव्या खुब्याला मारायचं ठरीवलं हुतं, डाव्याच खुब्याला मारलं. इचारा त्येला."

मौलालीने चाचपून पाहिलं. "बराबर. डावाच हाय," तो म्हणाला.

आता मात्र गुरुलिंग कात्रीत सापडला. मेव्हण्याला काढावं तर बायको गाडीत. एवढ्यात कुणीतरी ओरडलं की नबीसाबचा घोडा दुसरी गादी खातोय, पण तिकडे बघायला कुणाला सवड होती? गुरुलिंगने डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. "नाही. काढणार नाही. चुकून लागला म्हणजे चुकूनच."

(एवढी वर्षं साठवलेला नकार, आणि खर्च केला तो असा.)

"चुकून?" बिरप्पा म्हणाला. "मग ह्यो बघा तुमच्या पटक्याचा तुरा."

तुरा गेला. पटका गेला. जाताजाता चेंडूने थोडं कपाळही बरोबर नेलं. पहिली टाळी नबीसाबने वाजवली. "वा रे पठ्ठ्या." गुरुलिंग उताणा पडल्यापडल्या पुटपुटला, "हे मुद्दाम," आणि बिरप्पा नियमाप्रमाणे बाहेर गेला, तो दोन्ही बाजूंच्या पोरांच्या खांद्यावर बसून. मायाक्का पदर तोंडाला लावून हसत होती. सांजची गाडी गेली, पण तिला आठवणसुद्धा झाली नाही.

घरी गाठोडं सुटलं. गाद्या सांभाळायला म्हणून अंगणातल्या कट्ट्यावर आल्या. कपाळावर हळदीचा लेप घेतलेल्या गुरुलिंगला इतकं हलकं वाटलं की तो चुलीपुढच्या मायाक्काकडे बघून सहज बोलून गेला, "पण खरं सांगू का? तुरा म्हणाला होता, आणि लागलं कपाळाला. म्हणजे जरासा नेम..."

आतून कांदा आला. थेट लेपावर.

"मुद्दाम?" गुरुलिंगने विचारलं. (दिवसभराची सवय.)

"आमच्या घरात कुणाचं चुकून लागत न्हाई."

ज्याला लागलं त्याने गुमान पहिल्या गादीवर जायचं. गुरुलिंगने घोंगडं उचललं आणि तो कट्ट्यावर गेला. पहिल्या गादीवर बिरप्पा पसरला होता.

"दाजी," तो कूस बदलत म्हणाला, "तुमी दुसरीवर झोपता न्हवं?"

दुसरी गादी घोड्याच्या पोटात होती.

"हो," गुरुलिंग म्हणाला.