पंखा काहून लावला?

भालेरावकाका आमच्या घरी आले की चपला काढायच्या आधी पंखा बंद करतात. पंखा आमचा, घर आमचं आणि महिना मुलुंडचा मे. बटण नेमकं दाराशेजारी आहे. आधी त्यांचा हात आत येतो, खट् असा आवाज होतो आणि मग मागून काका येतात. "पंखा काहून लावला?" असं विचारतात. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, ते मला चार-पाच वर्षांत सुचलेलं नाही.

मग ते भिंतीला तळहात लावतात. डॉक्टर नाडी बघतो तसे डोळे मिटून थोडा वेळ उभे राहतात. "तापलीय," असं जाहीर करतात आणि आम्हीच ती मुद्दाम तापवून ठेवल्यासारखं आमच्याकडे बघतात. माझी बायको सुनीता तोवर पदराने वारा घ्यायला लागलेली असते.

काका मूळचे अकोल्याकडचे. मुंबईत येऊन त्यांना तीस वर्षांच्या वर झाली, पण त्यांचं 'काहून' काही सुटलं नाही. पवईच्या एका मोठ्या ऑफिसच्या तळघरात ते थंडाव्याची यंत्रं चालवायचे. निवृत्तीच्या आधी तिथे नवीन इंजिनियर आले आणि त्यांनी एका मजल्यावर थंड हवा सोडायचं बंद करून जमिनीतून पाण्याचे पाइप फिरवले. तेव्हापासून काका कामातून गेले, असं सोसायटीचं मत आहे.

त्यांचं म्हणणं असं, की माणसाला हवेमुळे उकडत नाही, भिंतींमुळे उकडतं. भिंत आणि जमीन गार असली की अंगातली उष्णता आपोआप तिकडे जाते, वारा लागतच नाही. आणि त्यासाठी पाणी फार गार करायचं नाही. अठरा अंश पुरे. वीज वाचते. मी एकदा विचारलं, की बर्फासारखं केलं तर जास्त गार होईल ना? काकांनी नापास मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"एक कप चहासाठी बादलीभर पाणी उकळता का?"

मी नाही म्हणालो.

"मग?"

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं की आणखी एक प्रश्न, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. अठरा अंशाचं पाणी हाताला धड गारसुद्धा लागत नाही. त्याने खोली गार कशी होईल? पण काकांनी आपल्या आतल्या खोलीच्या लाद्या काढून खाली पाइप टाकले, एका भिंतीतही टाकले, गॅलरीत एक निळं पिंप ठेवलं आणि एका जुन्या एसीची आतडी काढून त्याला जोडली. पिंपातलं पाणी जमिनीतून फिरून परत पिंपात. हे सगळं त्यांनी एकट्याने केलं. ती खोली कुणी पाहिली नव्हती. काका बाहेरच्या खोलीत बसवून जमिनीच्या गोष्टी सांगत आणि आतलं दार बंद असे.

काकूही दिसत नसत. पूर्वी बुद्धपौर्णिमेला त्या पाचही मजल्यांवर स्वतः खीर घेऊन फिरायच्या, प्रत्येक दारात दहा मिनिटं बोलायच्या. मग खीर बंद झाली. कधी दवाखान्यात जाताना दिसल्याच, तर भर उन्हात डोक्याला आणि गालांना शाल गुंडाळलेली, मान खाली. सुनीता म्हणायची, काकूंना हल्ली शिष्टपणा आलाय. मीही हो म्हणायचो.

तर गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या परबांच्या छताला पाणी आलं. परब बरोबर भालेरावांच्या खाली राहतात. वडील गिरणीत होते, हे स्वतः एका कुरियर कंपनीत आहेत आणि आवाज असा की घरात बोलले तरी गेटवरच्या वॉचमनला कळतं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे निवडणुकीच्या मीटिंगला उशिरा पोचलो, त्या दिवसापासून सेक्रेटरी. परब माझ्याकडे आले आणि मला हाताला धरून घेऊन गेले. खरंच, पलंगाच्या वर छताला थेंब धरले होते.

काका वर्दी मिळताच खाली आले. परबांचा पंखा बंद केला. स्टुलावर चढून छताला हात लावला आणि म्हणाले, "हे पाणी माझं नाही. तुमचं आहे."

परब माझ्याकडे वळले. "बघितलंस मा? पाणी माझ्या डोक्यार गळता, आणि हो माका सांगता, पाणी माझाच."

काकांनी समजावलं, की त्यांची जमीन गार म्हणजे परबांचं छतही गार. परबांच्या उघड्या खिडक्यांतली आणि माशांच्या कालवणातली ओल हवेत, ती छताला जाऊन चिकटते. थंड सरबताच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसं. परब म्हणाले, कालवण बंद होणार नाही. मला दोघांचंही पटत होतं, आणि सेक्रेटरीला हे चालत नाही.

आमच्याकडे गळती शोधायची एकच पद्धत आहे. वरच्याच्या पाण्यात रंग टाकायचा आणि खाली रंगीत थेंब येतो का बघायचं. काकांनी स्वतः रंगपंचमीचा उरलेला लाल रंग आणून पिंपात ओतला. दोन दिवस परब पलंगावर पांढरा पंचा अंथरून बसले. थेंब पडले, पण स्वच्छ. मग प्लंबर आणला. त्याने वर-खाली दोनदा फेऱ्या मारल्या, डोकं खाजवलं, "पानी है, लेकिन लीकेज नहीं है," म्हणाला आणि पिशवी उचलून चालता झाला.

शेवटी मीटिंग झाली. सगळ्यांचा एकच प्रश्न होता, की सगळ्यांसारखा एसी का लावत नाही? काका उठले आणि भिंतीतून उष्णता कशी वाहते यावर बोलत राहिले. कुणालाच काही कळलं नाही. पंधरा दिवसांत पाइप काढून टाकावेत, असा ठराव झाला. काका भिंतीला हात लावून उभे राहिले. भिंत तापलीय असं ते या वेळी म्हणाले नाहीत.

पत्र द्यायला मी आणि परब गेलो. काकांनी ते उभ्यानेच वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. आतल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "या. आत या. हळू चाला फक्त, वारा करू नका."

दार पहिल्यांदा उघडलं. आत पंखा नव्हता. पंख्याचा हूकसुद्धा काढलेला. खिडकी बंद. पावलांना जमीन गार लागली, देवळातल्या फरशीसारखी. कपाटाच्या कडेला एक बारीक दोरा लोंबत होता, तो जराही हलत नव्हता. पलंगावर काकू बसल्या होत्या, तोंडावर शाल नव्हती. मी त्यांचा चेहरा चार वर्षांनी बघत होतो.

"चेहऱ्याची नस आहे," काकू ओठ फारसे न हलवता म्हणाल्या. "वाऱ्याची झुळूक लागली की वीज पडल्यासारखी कळ येते. औषधं चालू आहेत. पंखा नको, एसी नको. त्या पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, मी काही यातून निघत नाही. मग यांनी हे केलं." त्या थांबल्या. "लोकांना सांगू नका, असं मीच म्हटलं होतं."

काका तिकडे भिंतीला हात लावून उभे होते.

"माझं ठीक आहे हो," काकू म्हणाल्या, "पण यांना काय झालंय? हे बाहेरच्या खोलीतही पंखा लावत नाहीत. तिला मिळत नाही तर मला नको, म्हणतात. तुम्ही तरी सांगा ना."

मला इतकी लाज वाटली की माझ्या खिशातली पत्राची सोसायटीची प्रत मी मुठीत चुरगाळली. चार वर्षं मी त्या पंख्याच्या बटणामागे विज्ञान शोधत होतो.

परब एकदाही मोठ्याने बोलले नाहीत. जिन्यात आल्यावर मात्र काकांना म्हणाले, "माझ्या छताक काय लावलंय तर पाणी धरूचा नाय?" काका म्हणाले, उष्णता अडवेल असं काहीही. थर्माकोल चालेल.

थर्माकोल परबांकडे होता. बंदी येण्याआधीचं गणपतीचं मखर, वडिलांनी केलेलं म्हणून टाकवत नव्हतं, माळ्यावर पडून होतं. पुढच्याच रविवारी दोघांनी मिळून ते छताला चिकटवलं आणि काकांनी प्रत्येक सांधा टेपने बंद केला. आता परब सोनेरी खांब आणि कमानींच्या खाली उताणे झोपतात. वर पाइप आहेत, मध्ये मखर आहे, आणि खाली पाणी येत नाही. हे कसं, ते मला विचारू नका. ठराव मी पुढच्या मीटिंगमध्ये मागे घेतला, कारण काय ते मिनिट्समध्ये लिहिलं नाही.

या बुद्धपौर्णिमेला सकाळी सुनीताने खिडकीतून काकांना डबा घेऊन येताना पाहिलं. तिने धावत जाऊन पंखा बंद केला. आम्ही दोघं आणि मुलगी, घाम पुसत शहाण्यासारखे बसून राहिलो.

काका आले. हात सवयीने बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"बंद काहून आहे?"

"असाच," सुनीता म्हणाली.

काकांनी खिरीचा डबा टेबलावर ठेवला. "तिनं केलीय," म्हणाले. "आणि शपथ घातलीय, की लोकांच्या घरचा पंखा बंद करायचा नाही." त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. आमच्याकडे यायला लागल्यापासून त्यांनी तो पहिल्यांदाच लावला होता. मग आपली खुर्ची उचलून, जिथे वारा पोचत नाही अशा दाराआडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली, आणि तिच्यात बसून त्यांनी भिंतीला हात लावला.